बीएडच्या डायरीत काय लिहायचं आणि आपण वाढलो हे कळतं कुठून

गोव्यातल्या पेडण्याच्या एका मुलीने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: "मी बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड (म्हणजे शिकवायचा विषय) इंग्लिश. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकले. आता इंटर्नशिप चालू आहे, रोज रिफ्लेक्टिव्ह जर्नल लिहावं लागतं आणि शेवटी 'माय ग्रोथ ॲज अ टीचर' म्हणून पाच पानं द्यायची आहेत. मला ग्रोथ काहीच दिसत नाही. वर्गात उभी राहिले की आपलं इंग्लिश चुकेल हीच भीती. खोटं लिहायचं नाहीये, मग लिहू काय? आणि माझ्यासारखी मुलगी इंग्लिश टीचर होऊ शकते का?"

बाय, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो मनात असला की बाकीचं काही आत जाणार नाही. होय, होऊ शकतेस. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. मी स्वतः सत्तरी तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, १९८४ साली पाचवीला हायस्कुलात गेले आणि तिथे एका दिवसात सगळं इंग्लिश झालं. गणित इंग्लिश, विज्ञान इंग्लिश, हजेरी इंग्लिश. मला तंतुमूळ कुठलं आणि सोटमूळ कुठलं हे माहीत होतं, माडाचं मूळ आणि आंब्याचं मूळ वेगळं असतं हे मी पडलेल्या झाडांवर बघितलं होतं, पण टीचरनी 'टॅप रूट' विचारलं आणि मी गप्प बसले. त्यांना वाटलं हिला येत नाही. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. आणि हे आपल्या गोव्यात आजसुद्धा होतं, चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी आणि पाचवीला इंग्लिश, त्या उंबरठ्यावर किती हुशार पोरं गप्प होतात ते तू इंटर्नशिपमध्ये बघतच असशील. तुला ते आतून माहीत आहे. तुझ्याबरोबर ज्या मुली बालवाडीपासून इंग्लिशमध्ये शिकल्या त्यांना ते पुस्तकात वाचून समजून घ्यावं लागेल.

पण हे मी आज म्हणते. बीएडला असताना मी हे लपवलं होतं. तेव्हा बीएड एका वर्षाचं होतं, मी १९९५-९६ ला केलं. आमच्या मेथडच्या वर्गात पणजी-मडगावच्या कॉन्व्हेंटमधल्या मुली होत्या, त्यांचं इंग्लिश पाण्यासारखं. एकदा मी चर्चेत 'डिटर्मिन' हा शब्द 'डिटरमाइन' असा उच्चारला, कोणीतरी मागून बरोबर उच्चार सांगितला, दोघीतिघी हसल्या. वाईट मुली नव्हत्या त्या, त्यातल्या एकीशी माझी आजही मैत्री आहे. पण त्या दिवसापासून मी मेथडच्या लेक्चरला हात वर करायचा बंद केला, कोणी विचारलं शाळा कुठली तर हायस्कुलाचं नाव सांगायचे, प्राथमिक शाळेचं कधीच नाही. त्या वर्षी मी जे काही डायरीत लिहिलं ते सगळं त्या लपवण्यातून आलेलं होतं, म्हणून त्यात माझी वाढ कुठेच नव्हती. मी माझी डायरी अजून ठेवलीय. पानोपान एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलंय, लेसन वेंट वेल, स्टुडंट्स वर अटेंटिव्ह, आय फील मोअर कॉन्फिडंट नाऊ.

तू म्हणतेस खोटं लिहायचं नाही, ते मला फार आवडलं. माझं ते लिहिणं खोटं होतं असंही नाही, मला खरंच वाटायचं धडा छान झाला. धडा छान झाला म्हणजे मी अडखळले नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

एका लेसननंतर आमच्या सुपरवायझर मॅडमनी ऑब्झर्वेशन बुकात शेरा न लिहिता नुसता एक प्रश्न लिहिला होता, "वर्गात आज किती मुलं बोलली?" मी आठवायला बसले आणि मला एक पण आठवेना. पस्तीस मिनिटांची तासिका, आठवीचा वर्ग, कविता होती, मी वाचली, अर्थ सांगितला, फळ्यावर कठीण शब्द लिहिले, "डू यू अंडरस्टँड?" विचारलं, सगळे एका सुरात "येस टीचर" म्हणाले, बेल झाली. त्या "येस टीचर"ला मी बोलणं धरत होते.

तिथून मी मोजायला लागले आणि मोजण्यानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. तुम्हाला फ्लँडर्स नावाच्या अभ्यासकाची पद्धत शिकवतात ना, दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा एक आकडा टाकायचा, दहा प्रकार, त्यातले सात टीचरच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. बरेच जण ते परीक्षेपुरतं पाठ करतात. मी पुढे नोकरीला लागल्यावर एका मैत्रिणीला मागच्या बाकावर बसवून माझ्या वर्गात ते करून घेतलं. पस्तीस मिनिटांत सातशे खुणा होतात, पण तेवढं करायची गरज नाही, दहा मिनिटांच्या दोनशे खुणा पुरतात. फ्लँडर्सचं म्हणणं होतं की वर्गात दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं आणि त्यातला दोन तृतीयांश वेळ टीचर बोलत असतो. माझ्या वर्गात मी त्याहून खूप जास्त बोलत होते. इंग्लिशच्या तासाला मुलांना इंग्लिश बोलायला यावं म्हणून मी उभी, आणि सगळं इंग्लिश मीच बोलून घेत होते. आता तर सोपं आहे, हेडमास्तरांना आणि तुझ्या मेंटॉर टीचरना विचारून फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड कर, घरी जाऊन दहा मिनिटं ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, तरी ऐक. आपला उच्चार कसा येतो तिकडे लक्ष जाईल, ते जाऊ दे, दुसऱ्यांदा फक्त मुलांचे आवाज ऐक.

आता तुझ्या मुख्य मुद्द्यावर येते. तुला ग्रोथ दिसत नाही कारण तू ती आत्मविश्वासात शोधतेयस, भीती कमी झाली का एवढंच बघतेस. अमेरिकेत फ्रान्सेस फुलर नावाच्या बाई होत्या, त्यांनी १९६९ मध्ये शिक्षक व्हायला शिकणाऱ्यांच्या काळज्यांचा अभ्यास मांडला, त्यातूनच पुढे तीन टप्पे सांगितले जायला लागले. आधी काळजी स्वतःची, मी टिकेन का, मुलं माझं ऐकतील का, सुपरवायझर काय म्हणतील. मग काळजी कामाची, पोर्शन कसा होईल, वेळ पुरेल का, पंचेचाळीस वह्या तपासू कधी. आणि मग काळजी मुलाची, हा का शिकत नाहीये, हिला काय अडतंय. मी हे वाचलं तेव्हा मला माझी सगळी डायरी समजली, कारण त्यात मी पहिल्या टप्प्यातून हललेच नव्हते. आणि अनुभवाने सांगते, हे टप्पे शाळेच्या इयत्तांसारखे एक संपला की दुसरा असे येत नाहीत. आजही नवीन वर्गात गेले की पहिला आठवडा माझं अर्धं लक्ष माझ्यावरच असतं. पण परत मुलांकडे वळायला लागणारा वेळ कमी होत गेलाय. तुझ्या जर्नलमध्ये बघायचं असेल तर हे बघ, जूनच्या पानावर किती वेळा 'मी' आहे आणि आता किती वेळा एखादा मुलगा, त्याचं नाव, त्याने काय म्हटलं. पेन्सिल घेऊन खुणा कर. ही तुझ्या पाच पानांची सुरुवात होऊ शकते आणि त्यात एक अक्षर खोटं नसेल.

मला हे सहज जमलं नाही, एक मुलगा गमवावा लागला त्यासाठी. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलंय.

२००१ चं वर्ष असेल, नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा, आठवीचा वर्ग. मी विचारलं काल काय केलं ते सांगा. एक मुलगा, जो कधी बोलत नसे, तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, "आय हॅड गॉन टू म्हापसा येस्टरडे." मी लगेच म्हटलं, "आय वेंट." तो म्हणाला, "आय वेंट. माय मदर वॉज टोल्ड टू मी..." मी म्हटलं, "टोल्ड मी. माय मदर टोल्ड मी." तो परत पहिल्यापासून सुरू झाला आणि परत "आय हॅड गॉन" म्हणाला, मी परत थांबवलं. मग तो "नथिंग, टीचर" म्हणून खाली बसला. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, तो आईबरोबर केळी घेऊन विकायला गेला होता, हे मला नंतर दुसऱ्या मुलांकडून कळलं. बाजारात काय झालं होतं, त्याला काय सांगायचं होतं, ते मला कधीच कळलं नाही. वर्षभर तो परत उभा राहिला नाही. मला त्या दिवशी वाटलं होतं मी चांगलं शिकवलं, तीन चुका जागच्या जागी दुरुस्त केल्या.

त्याची चूक कुठून आली होती हे मला बरंच नंतर एकदा घरी बोलताना लक्षात आलं. आपण कोकणीत म्हणतो, "हांव काल म्हापशां गेल्लों." मराठीत म्हणतो, "मी काल म्हापशाला गेलो होतो." दोन्हीकडे काल घडून गेलेल्या, संपलेल्या गोष्टीला आपण हे रूप सहज वापरतो. तेच त्याने इंग्लिशमध्ये नेलं, गेलो होतो म्हणजे हॅड गॉन. "मला सांगितलं" यातला 'ला' त्याने 'टू' करून लावला. तो धांदरटपणा करत नव्हता, त्याच्याकडे नियम होता आणि तो नियम तो नीट पाळत होता, फक्त तो इंग्लिशचा नव्हता. १९६७ मध्ये पिट कॉर्डर या भाषा-अभ्यासकाने हेच मांडलं होतं, की शिकणाऱ्याची चूक हा पुरावा असतो, त्याच्या डोक्यात भाषा कुठल्या पद्धतीने बसतेय त्याचा. हे मी बीएडला वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. मुलगा समोर उभा राहिला तेव्हा ते माझ्या उपयोगाला आलं नाही.

आणि बघ, ही चूक कुठून येते हे मला घरच्या भाषेमुळे कळलं. इंग्लिशमध्येच वाढलेल्या टीचरला 'हॅड गॉन' चूक आहे हे लगेच कळेल, पण का आली ते कळायला कोकणी-मराठी कानात असावी लागते. तुझ्या कानात ती आहे. आर्टिकल का विसरतात, कारण आपल्याकडे 'अ' आणि 'द' नाहीतच. व्ही आणि डब्ल्यूचा गोंधळ का होतो, कारण आपला 'व' एकच. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत, पाचवीच्या मुलांना हातात छोटा आरसा देऊन दाखवलं की दोन दिवसांत जमतं. मी हे सगळं लपवत होते त्या काळात मला हे दिसत नव्हतं, कारण मी इंग्लिश अशी शिकवत होते जणू मला ती जन्मापासून येते.

आता मी काय करते ते सांगते. मूल बोलत असताना थांबवत नाही. ते जे सांगतंय त्याला उत्तर देते, "ओ, यू वेंट टू म्हापसा! व्हॉट डिड यू सेल?" बरोबर रूप त्याच्या कानावर जातं आणि गोष्ट पुढे चालते. चुका मी मागच्या पानावर टिपून ठेवते, तासाच्या शेवटची पाच मिनिटं दोनतीन वाक्यं फळ्यावर, कोणाचं नाव न घेता, आणि मुलंच दुरुस्त करतात. लेखी कामात मात्र मी चुका दाखवते, पण एका वेळी एकाच प्रकारच्या. वही लाल करून दिली की मूल मार्क बघतं आणि पान उलटतं, हे इतक्या वर्षांत मी रोज बघितलंय.

अजून एक. प्रश्न विचारल्यावर थांबायला शीक. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी वर्गांच्या रेकॉर्डिंगवरून दाखवलं होतं की टीचर प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. आपल्या मुलाला तर प्रश्न इंग्लिशमध्ये ऐकायचा, मनात कोकणीत आणायचा, उत्तर जुळवायचं आणि परत इंग्लिशमध्ये न्यायचं असतं, त्याला तीन पण कमी पडतात. मी मनात सावकाश बसचे स्टॉप म्हणते, साखळी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, तोपर्यंत तोंड उघडत नाही. सुरुवातीला ती शांतता खायला उठते, सुपरवायझर मागे बसलेले असले तर जास्तच. त्यांना आधी सांगून ठेव की मी आज वेट टाइमवर काम करतेय, चांगल्या सुपरवायझरना आवडतं ते.

तुझ्या इंग्लिशबद्दल बोलायलाच हवं, कारण ते कच्चं असलं तरी चालेल असं मी म्हणणार नाही. मुलांना आपल्याकडूनच ते ऐकायला मिळणार आहे, कितीतरी घरांत दुसरीकडून मिळत नाही. पण सगळं इंग्लिश एकदम पक्कं करायला बसू नकोस. वर्गात तू रोज काय बोलतेस ते बघ, सूचना, प्रश्न, शाबासकी, गप्प करणं, गटात बसवणं. ही वाक्यं तीस-चाळीसच असतात. ती लिही, छोटी कर, मोठ्याने म्हण, फोनवर रेकॉर्ड करून चांगल्या उच्चाराशी ताडून बघ. मी माझ्या पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक धड्याआधी सूचना शब्दशः लिहून न्यायचे आणि आजही नवीन ॲक्टिव्हिटी असली तर लिहिते. उच्चारात एकेका अक्षरापेक्षा जोर कुठे द्यायचा तिकडे लक्ष दे, कारण मराठीत आपण सगळी अक्षरं जवळजवळ सारख्या वजनाने म्हणतो. 'हॉटेल'मध्ये जोर दुसऱ्या भागावर. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. डिक्शनरीत जोराची खूण छापलेली असते, ती बघायची सवय लाव. आणि शब्द अडला तर मुलांसमोर डिक्शनरी उघड. "लेट अस चेक" म्हण आणि उघड. मी बारा वर्षं नोकरी झाल्यावर पहिल्यांदा असं केलं, एवढा उशीर तू लावू नकोस. त्या दिवसानंतर माझ्या वर्गातली मुलं मला येऊन विचारायला लागली, टीचर हा शब्द असाच का म्हणतात.

वर्गात मराठी-कोकणी वापरायची का, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात असणारच. माझं मत स्पष्ट आहे. ओळ वाचायची आणि ओळीचं मराठी सांगायचं, परत ओळ, परत मराठी, असं केलं की मूल इंग्लिश ऐकायचं सोडून देतं आणि मराठीची वाट बघत बसतं. पण एका शब्दाचा अर्थ पाच मिनिटं हातवारे करून सांगण्यापेक्षा एक कोकणी शब्द सांगून पुढे गेलेलं बरं. आणि मूल "टीचर, म्हाका कळूंक ना" म्हणालं तर ते आधी नीट ऐकून घे, त्याला ते इंग्लिशमध्ये म्हणायला लावू नकोस. माझे वडील पोर्तुगीज काळात प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळेची पहिली पायरी शिकले होते, त्यांना म्हातारपणीसुद्धा पोर्तुगीज कविता तोंडपाठ येत होती आणि तिचा अर्थ त्यांना लहानपणी कोणी सांगितला नव्हता. त्यांनी ती मला म्हणून दाखवली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या वर्गातली मुलं तशाच इंग्लिश कविता म्हणत होती.

आता जर्नल. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बीएडमध्ये एकूण २० आठवडे शाळेत जातात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. 'अंडरस्टँडिंग द सेल्फ' नावाचा भागही तुम्हाला असतो. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, मला खरंच वाटतं ही चांगली गोष्ट झालीय, फक्त तिचा फॉर्म भरायचा कार्यक्रम होऊ देऊ नका. अनुभवावर विचार करायला गिब्जच्या सायकलचे सहा टप्पे देतात ना, काय झालं, काय वाटलं, चांगलं-वाईट काय, का झालं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. चौकट बरी आहे. पण मी गेली कितीतरी वर्षं इंटर्न मुलींची जर्नल वाचतेय, त्यात 'काय झालं' याला दोन ओळी असतात आणि 'काय वाटलं' याला एक पान. उलटं कर. काय झालं तेच एक पान लिही, मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, कोकणीत बोलला तर कोकणीत. तेवढं नीट लिहिलं की बाकीचे टप्पे आपोआप त्यातून निघतात.

एक इंटर्न मुलगी माझ्याकडे होती, तिच्या जर्नलमध्ये रोज "टुडे द स्टुडंट्स एन्जॉइड" असायचं. मी तिला म्हटलं, तीन आठवडे रोज कुठल्याही एकाच मुलाबद्दल लिही, बाकी वर्गाबद्दल काही लिहू नकोस. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने पाचवीतली एक मुलगी घेतली, जिची वही वर्गात सगळ्यात सुंदर होती, टपोरं अक्षर, एक चूक नाही. हिने तिच्याजवळ बसून वहीतलाच एक शब्द दुसऱ्या कागदावर लिहिला आणि वाचायला सांगितला. तिला वाचता येईना. दुसरा लिहिला, तोही येईना. फळ्यावरचं ती चित्रासारखं उतरवत होती. त्या दिवशीचं जर्नलचं पान मी अजून विसरले नाही, त्यात एकही मोठा शब्द नव्हता, "शी कॅन ड्रॉ इंग्लिश, शी कॅनॉट रीड इट" एवढंच शेवटी लिहिलं होतं.

पण ती मुलगी एक गोष्ट वाचू शकत होती, कदंब बसच्या पाट्या. रोज बसने यायची, म्हापसा, पणजी, फोंडा या पाट्या इंग्लिशमध्ये लिहिलेल्या ती लांबून ओळखायची. मग त्या इंटर्नने त्याच पाट्या पुठ्ठ्यावर लिहून वर्गात आणल्या आणि कात्रीने कापल्या. म्हापशाच्या (MAPUSA) पाटीतून पहिली तीन अक्षरं कापून घेतली की 'मॅप' होतो. पणजीतून (PANAJI) 'पॅन'. फोंड्याचं (PONDA) शेवटचं अक्षर काढलं की 'पाँड'. काणकोणातून (CANACONA) 'कॅन'. गोव्याचं शेवटचं अक्षर काढलं की 'गो'. ती मुलगी पाट्या कापत गेली आणि वाचत गेली, मग पहिलं अक्षर बदलून 'मॅन', 'फॅन', 'रॅन'. सहा आठवड्यांत ती पुस्तक वाचायला लागली असं मी म्हणणार नाही, पण न बघितलेला तीन अक्षरांचा शब्द ती स्वतः जोडून वाचायला लागली होती. ती इंटर्न जाताना मला म्हणाली, टीचर, मी पहिल्या महिन्यात हिच्या वहीला 'एक्सलंट' दिलं होतं. तिच्या पाच पानांत तिने हेच लिहिलं, 'एक्सलंट' दिलेल्या पानाचा फोटो आणि कापलेल्या पाट्यांचा फोटो, आणि मधल्या दिवसांत तिला काय काय दिसलं ते. कॉन्फिडन्स हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

तर तुझी पाच पानं लिहिताना पूर्ण वर्षाचा आढावा घेऊ नकोस. दोन किंवा तीन दिवस निवड. एक असा ज्या दिवशी तुला वाटलं चांगलं झालं आणि आता कळतं की नव्हतं झालं. एक असा ज्या दिवशी तुझं लक्ष स्वतःवरून सुटून एखाद्या मुलावर गेलं, असा एक तरी दिवस असतोच, जर्नल परत वाच. आणि भीतीबद्दल लिही, पण नेमकं लिही. कधी वाटते, वर्गात शिरताना की प्रश्न विचारल्यावर, कुठल्या वाक्याला, कोण मागे बसलेलं असताना. माझी भीती नुसती इंग्लिशची नव्हती, कोणीतरी मागून हसेल याची होती, हे मला लिहिता लिहिताच कळलं आणि मग मी मुलांना एकमेकांना हसू देईनाशी झाले, तो माझ्या वर्गातला पहिला नियम आहे आजही. प्राथमिक शाळेचं नाव लिही. तुला तुझ्या मेथडच्या सरांना सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण पाचवीच्या मुलांना सांग. मी सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, तुमकांय येनासलें?" (तुम्हालाही येत नव्हतं?) मी म्हटलं, होय, माका पण येनासलें. एवढंच बोलून तो गेला, पण दुसऱ्या दिवशी त्याने हात वर केला होता.

तू लिहिलंयस सोमवारी तुझा सहावीला सिंपल पास्टचा लेसन आहे आणि त्यासाठी चार्ट करतेयस. चार्ट छोटा कर. आधी चारपाच मुलांना कोकणीत विचार, "काल कितें केलें?" आणि ते जे सांगतील ते तसंच्या तसं फळ्यावर एका बाजूला लिही. दुसऱ्या बाजूला इंग्लिश, त्यांच्याकडूनच काढून घेत. कोणी ना कोणी 'हॅड गॉन' म्हणेलच. तेव्हा लगेच बोलू नकोस, त्याची गोष्ट संपू दे, आणि तो कोण होता आणि काल कुठे गेला होता ते रात्री जर्नलमध्ये लिही.